'बोटीवर गेल्या त्या परत आल्याच नाहीत': १८७८ च्या थेम्स दुर्घटनेतला पूर्वज कसा शोधायचा

लंडनच्या प्लमस्टेड भागात आमच्या भिंतीला भिंत लागून एक बाई राहतात. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे कुरकुरतात, पण वंशावळीचा नाद जबरदस्त. एकदा चहाला बोलावून म्हणाल्या, "माझ्या पणजीची बहीण आणि तिची लहान मुलगी 'प्रिन्सेस ॲलिस'वर गेल्या त्या परत आल्याच नाहीत, असं आमच्या घरात सांगतात. खरं की खोटं, तेवढं बघून देशील का?"

मला शोधाशोध करायला आवडते, एवढीच माझी पात्रता. काम दोन आठवड्यांचं वाटलं होतं, दीड वर्ष पुरलं. इथल्या बऱ्याच मराठी घरांत आता इंग्रज सुना-जावई आहेत. मुलांच्या एका बाजूची वंशावळ त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत असते आणि दुसरी बाजू इथल्या चर्चच्या नोंदवहीत. त्यामुळे असा प्रश्न कधी ना कधी तुमच्याही पुढ्यात येईल. म्हणून मी कुठे अडखळलो आणि कुठे वाट सापडली, ते क्रमाने लिहितो.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती उमगायलाच मला सहा महिने लागले. १८७८ मध्ये थेम्स नदीत बुडालेल्या या बोटीच्या दुर्घटनेत कागद माणसाचा निघाला नाही, प्रेताचा निघाला. माणूस कुठे राहायचा यावर त्याची नोंद कुठे झाली हे ठरत नाही. प्रेत नदीच्या कुठल्या काठाला लागलं, त्यावर ते ठरतं.

आधी घटना नीट समजून घ्या

मंगळवार, ३ सप्टेंबर १८७८. 'प्रिन्सेस ॲलिस' ही चाकांची आगबोट लंडन ब्रिजजवळच्या स्वॉन पिअरवरून सहलीचे प्रवासी घेऊन ग्रेव्हझेंड आणि शीअरनेसपर्यंत गेली आणि संध्याकाळी परत निघाली. ग्रेव्हझेंडच्या रोशरव्हिल बागेत दिवस घालवलेली कुटुंबंच्या कुटुंबं तिच्यावर होती. पावणेआठच्या सुमारास वूलिचच्या अलीकडे, गॅलियन्स रीच या नदीच्या पट्ट्यात ट्रिपकॉक पॉइंटपाशी 'बायवेल कॅसल' ही कोळसा आणायला न्यूकॅसलकडे निघालेली लोखंडी बोट तिच्या उजव्या कुशीत घुसली. प्रिन्सेस ॲलिसचे तुकडे झाले आणि चार-पाच मिनिटांत ती बुडाली.

जवळजवळ १३० माणसं वाचली. त्यांतलीही काही पुढच्या पंधरवड्यात दगावली. मृतांचा आकडा ६०० ते ७०० च्या दरम्यान धरतात. 'दरम्यान' म्हणायचं कारण साधं आहे. प्रवाशांची यादी नव्हतीच. धक्क्यावर तिकीट काढायचं आणि चढायचं, नाव कोणी विचारत नसे. आपल्याकडे १८८८ च्या नोव्हेंबरात कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा', लोकांच्या तोंडची 'वीजळी', बेपत्ता झाली तेव्हाही आकड्यांचा असाच घोळ झाला. तेव्हा 'प्रवासी यादी' विकत देतो असं कोणी म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा. आज ज्या याद्या मिळतात त्या सगळ्या मागाहून, वर्तमानपत्रं आणि नोंदी चाळून, केलेल्या आहेत.

शोधाच्या दृष्टीने महत्त्वाची आणखी एक गोष्ट आहे, जरा किळसवाणी आहे. लंडनचं मैलापाणी बार्किंग आणि क्रॉसनेस इथे नदीत सोडत. अपघाताच्या तासभर आधीच साडेसात कोटी गॅलन घाण पात्रात सोडलेली होती. प्रेतांवर त्या राडीचा थर बसला, तो धुऊन निघेना. प्रेतं लवकर कुजली, इतकी फुगली की नेहमीपेक्षा मोठ्या पेट्या कराव्या लागल्या. त्यामुळे चेहऱ्यावरून ओळख पटणं अवघड झालं. ओळख पटायची ती कपडे, अंगठी, खिशातली किल्ली अशा वस्तूंवरून. जुन्या बातम्यांत 'अमुक रंगाचा पेटीकोट, बटणांचे बूट' असं वर्णन कंटाळा येईपर्यंत वाचायला मिळतं. ते वगळू नका, कधीकधी हाती तेवढंच असतं.

घरातल्या गोष्टीवर पहिल्यांदा संशय घ्या

इथे एलिझाबेथ स्ट्राइडचं उदाहरण देतो. १८८८ साली लंडनच्या ईस्ट एंडमध्ये ज्या बायकांचे खून 'जॅक द रिपर'च्या नावावर जमा आहेत, त्यांतली ही स्वीडिश बाई. ती सगळ्यांना सांगायची, माझा नवरा आणि मुलं प्रिन्सेस ॲलिसवर बुडाली. जीव वाचवायला वर चढताना कोणाची तरी लाथ तोंडाला लागून टाळू फुटली. खरी गोष्ट अशी की तिचा नवरा जॉन स्ट्राइड १८८४ मध्ये आजारपणाने वारला आणि शवविच्छेदनात टाळूला काही इजा सापडली नाही.

म्हणजे दुर्घटनेला दहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हापासून लोक ती आपल्या गोष्टीत ओढून घेत होते. कोणाला मदत हवी होती, कोणाला सोडून गेलेल्या नवऱ्याबद्दल बरी वाटेल अशी हकिकत. खेरीज थेम्समध्ये रोजच कोणी ना कोणी बुडायचं. 'पणजोबा नदीत बुडाले' याचं तीन पिढ्यांत 'पणजोबा त्या मोठ्या दुर्घटनेत बुडाले' व्हायला वेळ लागत नाही. घरात मोठं आणि प्रसिद्ध मरण असावं असं माणसाला वाटतं, त्याला कोणाचा इलाज नाही.

म्हणून पहिलं काम, गोष्ट ज्यांनी सांगितली त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. कोणी कोणाला सांगितली, सांगणाऱ्याचा जन्म कधीचा, तेही लिहा. 'बोटीवर' म्हणाले की 'प्रिन्सेस ॲलिसवर' म्हणाले? शेजारच्या बाईंच्या आजीने म्हणे फक्त 'ग्रेव्हझेंडची बोट' म्हटलं होतं. बोटीचं नाव १९७० च्या आसपास एका भाच्याने चिकटवलं. घरातलं जुनं बायबल, काळ्या कडेचं शोकपत्र, फोटोच्या मागचं लिखाण, सगळं काढायला लावा. जमलं तर शोध सुरू करण्याआधी गोष्ट खोटी पाडायचा प्रयत्न करा. ज्याला १८७८ मध्ये मेलेला म्हणतात तो १८८१ च्या खानेसुमारीत चहा पीत बसलेला सापडला, तर तुमचं वर्षभराचं काम एका दुपारीत संपतं.

माणसाभोवती कुंपण घाला

खानेसुमारी दर दहा वर्षांनी. आपल्या कामाच्या दोन, २ एप्रिल १८७१ आणि ३ एप्रिल १८८१. पहिल्या खेपेला माणूस होता आणि दुसऱ्या खेपेला नाही, एवढं तरी दाखवता आलं पाहिजे. १८८१ ची नोंद 'फॅमिलीसर्च' या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते.

आपल्या माणसांचा इथे पहिला गोंधळ होतो नावांवरून. आपल्याकडे माणसाच्या नावातच बाप बसलेला असतो. रघुनाथ गणेश म्हटलं की अर्धी ओळख पटली. इंग्रजी नावात तसं काही नाही. एकट्या लंडनमध्ये शेकड्यांनी मेरी आणि शेकड्यांनी विल्यम. त्यामुळे नुसतं नाव जुळलं तर काहीच जुळलं नाही असं समजा. नाव, वय, पत्ता, धंदा या चारांपैकी निदान तीन गोष्टी जुळेपर्यंत वंशावळीत पेन लावू नका.

१८८१ च्या नोंदीत गेलेल्या माणसाऐवजी त्याने मागे ठेवलेल्यांना शोधा. बायको एकटीच घरची कर्ती आणि 'विधवा' म्हणून लिहिलेली आहे का? मुलं मामाकडे 'भाचा', 'भाची' म्हणून, किंवा आजोबांकडे 'नातू' म्हणून दिसतात का? एखादी दहा वर्षांची पोर अनाथालयाच्या पानावर आहे का? ही दुर्घटना कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन गेली, त्यामुळे उरलेली मुलं अशी विखुरलेली सापडतात. विधुराच्या दुसऱ्या लग्नाची नोंदही कामाची. १८७१ मध्ये बायको सोबत आहे आणि १८८० च्या लग्नाच्या दाखल्यात तो स्वतःला विधुर म्हणवतो, म्हणजे बायको त्या नऊ वर्षांत गेली. कुंपण तेवढंच आवळलं.

लहान मुलांसाठी वेगळी युक्ती लागते, आणि हीच मला सर्वांत उशिरा सुचली. १८७१ नंतर जन्मलेलं आणि १८७८ मध्ये गेलेलं मूल कुठल्याच खानेसुमारीत नाही. जणू ते जन्मलंच नाही. त्याचा पत्ता फक्त जन्मनोंदीत. इंग्लंड-वेल्सच्या जनरल रजिस्टर ऑफिसची म्हणजे 'जीआरओ'ची स्वतःची ऑनलाइन सूची आहे, खातं उघडलं की फुकट बघता येते. तिच्यात जुन्या जन्मांसमोरही आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं. जुन्या छापील सूचीत ते १९११ च्या आधीच्या जन्मांना नव्हतं. वडिलांचं आडनाव आणि आईचं माहेरचं आडनाव, ही जोडी घालून १८७१ ते १८७८ ची सगळी वर्षं चाळा. शेजारच्या बाईंच्या पणजीच्या बहिणीला एक नाही, तीन मुली होत्या हे मला असं कळलं.

मृत्यूची सूची: आता नदीचे काठ बघा

इथे बहुतेक जण चुकतात, मीही चुकलो. पणजीची बहीण राहायची लंडनच्या क्लार्कनवेल भागात, म्हणून मी तिथल्या नोंदणी जिल्ह्यात दोन महिने घालवले. कायद्याने मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला, किंवा प्रेत सापडलं, तिथे होते. थेम्सला भरती-ओहोटी असते. प्रेतं लाइमहाउसपासून एरिथपर्यंत दोन्ही काठांना लागत राहिली. तेव्हा वूलिच केंट परगण्यात होतं आणि समोरचा उत्तर काठ बहुतेक एसेक्समध्ये. बघायचे जिल्हे असे: सर्वांत आधी वूलिच (सूचीत खंड १डी), मग समोरचे बार्किंग-रेनमचा रॉमफर्ड आणि बेक्टनच्या बाजूचा वेस्ट हॅम (दोन्ही ४ए), आणि खाली एरिथसाठी डार्टफर्ड (२ए).

दुसरी मेख तिमाहीची. सूची मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावलेली नसते, नोंद झालेल्या तारखेप्रमाणे असते. अपघात सप्टेंबरातला म्हणून मी जुलै-सप्टेंबर तिमाही पाहिली आणि 'नाही' असं लिहून मोकळा झालो. पण या मृत्यूंच्या चौकशीचं काम नोव्हेंबरपर्यंत चाललं होतं. तेव्हा ऑक्टोबर-डिसेंबर तिमाही पाहिल्याशिवाय 'नाही' म्हणू नका, आणि तेवढ्यात १८७९ ची पहिली तिमाहीही नजरेखालून घाला.

शोधायला दोन साधनं, दोन्ही वापरा. जीआरओच्या सूचीत आडनाव घालावंच लागतं. स्वयंसेवकांनी केलेली 'फ्रीबीएमडी' ही सूची आडनाव न घालताही जिल्हा, खंड आणि पान यांवर शोधू देते. तिथे वूलिच आणि १८७८ ची शेवटची तिमाही घालून पानांचे आकडे बघत जा. एकाच कारणाने गेलेल्यांच्या नोंदी लागोपाठच्या पानांवर येतात. एकाच आडनावाची पस्तीस, तेहेतीस, नऊ, सहा आणि दोन वर्षांची माणसं शेजारच्या आकड्यांत दिसली की पुढचं सांगायला नको. मी त्या रात्री लॅपटॉप मिटून ठेवला होता.

स्पेलिंगवर विसंबू नका. नावं गर्दीत, रडणाऱ्या नातेवाइकांच्या तोंडून ऐकून, घाईने लिहिलेली आहेत. एखादं अक्षर कमी-जास्त, शेवटचा 'ई' गळालेला, 'हॅ'चा 'ॲ' झालेला, हे सगळं धरून चाला. वयाच्या बाबतीत जीआरओच्या सूचीत एक खोड आहे. महिन्यांत दिलेलं वय कधीकधी वर्षांत चढलं आहे. 'वय ८' म्हणून दिसणारं पोर आठ महिन्यांचं असू शकतं.

आणि ज्यांची ओळख पटलीच नाही त्यांचं काय? त्यांचीही नोंद आहे. जुन्या तिमाही सूचीत सगळी आडनावं संपल्यावर, अगदी शेवटी, 'अनोळखी' पुरुष आणि स्त्रिया येतात. तिथे नाव नाही मिळणार, पण वयाचा अंदाज आणि जिल्हा मिळतो.

दाखला मागवला, आता वाचायचा कसा

सूचीत नोंद सापडली की जीआरओकडून मागवा. या काळातल्या मृत्यूंसाठी पूर्ण कागदी दाखल्याऐवजी नोंदीची नुसती डिजिटल प्रतिमाही मिळते, ती बरीच स्वस्त पडते. कामाला तेवढी पुरते.

इंग्रजी मृत्युदाखल्यात आईवडिलांची नावं नसतात. बाईच्या धंद्याच्या रकान्यात 'अमक्या सुताराची बायको' असं लिहितात आणि मुलाच्या पुढे 'अमक्याची मुलगी'. हा रकाना सोन्याचा. पण खबर देणाऱ्याच्या रकान्यात एरवी नातेवाइकाचं नाव आणि पत्ता असतो, तो इथे मिळणार नाही. अपघाती मृत्यू असल्याने तिथे कोरोनरकडून दाखला आल्याची ओळ असते. कोरोनर म्हणजे अपघाती किंवा संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. मुंबईकरांना हा शब्द समजावून सांगायला नको; मुंबईत हे पद १९९९ पर्यंत होतं. वूलिचच्या बाजूचे कोरोनर होते पश्चिम केंटचे चार्ल्स कार्टर. समोर दक्षिण एसेक्सचे कोरोनर चार्ल्स लुइस यांनी आपल्या हद्दीतल्या प्रेतांपुरती चौकशी उघडली, ओळख पटवून दफनाचे हुकूम दिले आणि पुढचं काम कार्टर यांच्या चौकशीवर सोडलं. दाखल्यात कोणाचं नाव आहे त्यावरून प्रेत कुठल्या काठाला लागलं ते कळतं.

प्रेत ओळखलं कोणी, हे दाखल्यात मिळत नाही. ते वर्तमानपत्रात मिळतं.

वर्तमानपत्रं

माझ्या मते या सगळ्या शोधातला हाच खरा खजिना. कोरोनरांचे मूळ कागद त्या काळातले फार कमी टिकले आहेत. पण वूलिच टाउन हॉलमध्ये ४ सप्टेंबरला सुरू झालेली आणि १४ नोव्हेंबरला निर्णयापर्यंत आलेली चौकशी बातमीदार रोज बसून लिहून घेत होते. प्रेताला पोलिसांनी दिलेला नंबर, ओळखणाऱ्याचं नाव, त्याचा पत्ता, मृताशी नातं, हे सगळं छापून आलं. वूलिचचं 'केंटिश इंडिपेंडंट', लंडनचं 'टाइम्स', चित्रांसाठी 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'. यांतलं बरंचसं 'ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह' या वर्गणीच्या संग्रहात आहे. वर्गणी भरण्याआधी तुमच्या भागातल्या ग्रंथालयात चौकशी करा, पुष्कळ ठिकाणी सभासदांना फुकट बघू देतात.

शोधताना दोन गोष्टी. एक म्हणजे माणसाच्या नावाऐवजी रस्त्याचं नाव घालून बघा. यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईत आडनावं हमखास बिघडतात, रस्त्यांची नावं त्यामानाने नीट राहतात. मला हवी असलेली नोंद आडनावावर कधीच सापडली नाही, क्लार्कनवेलच्या एका गल्लीच्या नावावर सापडली.

दुसरी गोष्ट जरा विचित्र योगायोगाची. ही बोट जिच्या नावाची म्हणवत होती ती राणी व्हिक्टोरियाची मुलगी ॲलिस, त्याच वर्षी १४ डिसेंबरला घटसर्पाने वारली. त्यामुळे डिसेंबर १८७८ च्या वर्तमानपत्रांत 'प्रिन्सेस ॲलिस' आणि 'मृत्यू' हे शब्द शोधलेत तर राजघराण्याच्या सुतकाखाली गाडले जाल. शोध १३ डिसेंबरपर्यंतच ठेवा, किंवा सोबत 'वूलिच' नाहीतर 'बायवेल कॅसल' जोडा.

वाचलेल्यांच्या याद्याही बघायला विसरू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या याद्या कच्च्या असतात. सोमवारच्या अंकातला 'बेपत्ता' गुरुवारच्या अंकात जिवंत निघतो. शेवटची यादी धरा, पहिली नको.

पुरलं कुठे

प्रत्येक प्रेताला नंबर होता. तोच नंबर त्याचे कपडे आणि वस्तूंना बांधला आणि तोच पेटीवर घातला, म्हणजे पुरल्यानंतरही कोणी नातेवाईक आला तर कपड्यांवरून थडगं सांगता यावं. बातमीतला नंबर म्हणूनच लिहून ठेवायचा.

९ सप्टेंबरला वूलिच ओल्ड सिमेटरीत मोठं सार्वजनिक दफन झालं. ओळख न पटलेली १२० माणसं तिथे आहेत. प्लमस्टेडच्या चढावर किंग्ज हायवेला ही जागा आहे, आमच्या घरून चालत जाता येते. तिथला उंच केल्टिक क्रूस १८८० मध्ये उभा राहिला, तेवीस हजारांहून अधिक लोकांनी सहा-सहा पेन्स वर्गणी देऊन.

ज्यांची ओळख पटली त्यांना नातेवाइकांनी आपापल्या भागात नेलं. त्याच दिवशी दीडशेहून जास्त खासगी अंत्यविधी झाले. तेव्हा वूलिचच्या वहीत नाव नाही म्हणून निराश होऊ नका, कुटुंब राहायचं त्या भागातल्या दफनभूमीच्या वह्या बघा. ग्रिनिच भागाच्या दफनवह्या 'डिसीस्ड ऑनलाइन' या संकेतस्थळावर पैसे भरून बघता येतात. लंडनमधल्या चर्चच्या वह्यांसाठी पूर्वीचं लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ह्ज, आता नाव बदलून 'लंडन आर्काइव्ह्ज'. वहीत एकाच थडग्यात आणखी कोण पुरलंय ते जरूर बघा. त्यातून मला माहेरचं आडनाव पक्कं करता आलं.

पैशांचा माग

हा भाग लवकर उरकतो. १८५८ पासूनची प्रोबेटची, म्हणजे कोर्टात सिद्ध झालेल्या मृत्युपत्रांची, राष्ट्रीय सूची सरकारी संकेतस्थळावर शोधता येते आणि तिच्यात मृत्यूची तारीख आणि ठिकाण असतं. ३ सप्टेंबर १८७८ ही तारीख तिथे सापडली तर मोठाच पुरावा. पण लग्न झालेल्या बाईला तिथे शोधू नका. तिची मालमत्ता तिची स्वतःची धरणारा कायदा १८८२ चा, त्याआधी तिच्या नावावर सहसा काही नसेच. लंडनच्या लॉर्ड मेयरने उभारलेल्या मदतनिधीत मोठी रक्कम जमली. त्याच्या वाटपाच्या बातम्यांत विधवा आणि अनाथ मुलांचे उल्लेख येतात, वर्तमानपत्रं चाळताना तेही डोळ्यांखालून घाला.

काहीच सापडलं नाही तर

काही प्रेतं कधीच मिळाली नाहीत. आणि त्या काळच्या इंग्लंडमध्ये प्रेत नसेल तर कोरोनरला चौकशीच बसवता येत नसे. विशेष परवानगीने ती सोय झाली १९२६ च्या कायद्याने. प्रेत नाही म्हणून चौकशी नाही, चौकशी नाही म्हणून दाखला नाही आणि सूचीत नाव नाही. म्हणजे नोंद नसणं हा गोष्ट खोटी असल्याचा पुरावा नव्हे. मात्र ती खरी असल्याचाही नव्हे. त्या तारखेचा आधार घेऊन घर सोडून गेलेला माणूसही कागदावर असाच दिसेल.

अशा वेळी आजूबाजूचे पुरावे जमवायचे. बेपत्तांच्या यादीत नाव आहे का? मागे राहिलेल्या नवऱ्याने किंवा बायकोने दुसरं लग्न कधी केलं? सात वर्षं जोडीदाराचा ठावठिकाणा नसेल तर दुसऱ्या लग्नाबद्दल द्विभार्येचा गुन्हा लागत नसे. लग्न १८८५ च्या शेवटी किंवा १८८६ मध्ये असेल तर वाट पाहिल्याचा संशय घ्यायला जागा आहे. १८७९ मध्येच असेल तर त्याला खात्री होती, निदान तसं तो सांगत तरी होता. आणि ३ सप्टेंबर १८७८ नंतर माणूस कुठल्याच कागदात नाही हे दाखवायला पुढच्या प्रत्येक खानेसुमारीत, अमेरिकेला आणि ऑस्ट्रेलियाला गेलेल्यांच्या याद्यांतही, एकदा डोकावून यावं लागतं.

शेजारच्या बाईंना मी अखेर जे नेऊन दिलं ते असं. पणजीची बहीण मिळाली. वूलिच, ऑक्टोबर-डिसेंबर तिमाही, दाखला, बातमीतला नंबर, नवऱ्याने कपड्यांवरून पटवलेली ओळख, सगळं एकमेकांना धरून. तीन मुलींपैकी थोरल्या दोघी १८८१ मध्ये एका मावशीकडे 'भाची' म्हणून सापडल्या. सर्वांत धाकटी, १८७५ च्या जन्मसूचीतली, तिचा मात्र कुठेही मृत्यू नाही, लग्न नाही, खानेसुमारी नाही. नवऱ्याच्या जबानीत एका ओळीत 'मुलगी अजून मिळालेली नाही' एवढंच आहे.

बाईंनी विचारलं, "मग हिच्यापुढे मृत्यूची तारीख काय लिहायची?" मी म्हटलं, "लिहायची नाही. '३ सप्टेंबर १८७८ नंतर नोंद नाही' असं लिहा, आणि खाली बापाच्या जबानीची तारीख आणि वर्तमानपत्राचं नाव." त्यांनी चष्मा लावला, पेन्सिलने हलक्या हाताने लिहिलं आणि शेजारी नाव मात्र शाईने काढलं.